भिडूच्या बोलीवर डबल पडतो तेव्हा

भिडूने 'एक बदाम' म्हटलं (म्हणजे बदाम हुकूम धरून तेरापैकी सात ट्रिका, अर्थात हात, करू असं बोलला), उजवीकडच्याने डबल दिला आणि आता पाळी माझी. ब्रिज खेळणाऱ्याला ही जागा नवी नाही. एका बैठकीत दोन-तीनदा तरी येतेच. तरी या एका जागेवर माझं आणि माझ्या भिडूचं, म्हणजे सासऱ्यांचं, एकमत व्हायला अख्खा पावसाळा लागला. तो कसा गेला आणि शेवटी काय ठरलं ते सविस्तर लिहिते आहे. नव्याने ड्युप्लिकेट (तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळून निकाल ताडायचा प्रकार) खेळू लागलेल्या जोड्या इथेच चाचपडताना मी क्लबात पाहते, आणि बसण्याआधी तासभर बोलून घेतलं तर त्यातलं बरंचसं टळू शकतं.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ते मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघायचे, आणि सौदे आटोपले की तिथेच चौघं रबर ब्रिजला, म्हणजे एकाच टेबलावरच्या जुन्या प्रकाराला, बसायची. मी मिरजेला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सांगली तशी बुद्धिबळाची. भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे या गावातल्या कितीतरी मुलांचं लहानपण पटावर गेलं, माझंही गेलं. पण पटावर सगळं समोर मांडलेलं असतं. ब्रिजमध्ये बोली सुरू असताना ५२ पैकी आपली १३ पानं तेवढी दिसतात आणि बाकीच्या ३९ पानांचा माग दुसऱ्यांच्या बोलण्यावरून काढायचा असतो. लग्नानंतर अण्णांनी मला खेळ शिकवला तेव्हा मला हेच सगळ्यात आवडलं. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यातलं कुणी अण्णांना 'पत्ते कुटता' असं म्हणालेलं नाही.

आधी डबलबद्दल. एरवी डबल म्हणजे समोरच्यांची बोली फसणार असं धरून दंड वाढवणं. पण पहिल्या बोलीवर लगेच आलेला हा डबल दंड लावण्यासाठी नसतो. 'यांच्या रंगात माझ्याकडे पानं कमी आहेत, बाकीच्या तिन्ही रंगांत आहेत, ओपनिंगइतकी, म्हणजे पहिली बोली करण्याइतकी, ताकद आहे, तू तुझा रंग सांग,' असं तो आपल्या भिडूला सांगत असतो. याला टेकआउट डबल म्हणतात. यातून मला फुकटात बरंच कळतं: उरलेली ताकद कुठे बसली आहे, आणि डावीकडच्याला आता, हातात काही नसलं तरी, बोलावं लागणार आहे. म्हणजे मी पास म्हटलं म्हणून भिडू एक बदामावर अडकून पडत नाही. हा फरक मनात पक्का बसला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

अण्णांचा नियम रबरच्या काळातला. (पॉइंट म्हणजे एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक; रिडबल म्हणजे डबलवर पुन्हा डबल.) "दहा पॉइंट असले की रिडबल करायचा. नसले की काय असंल ते बोलायचं." त्यात एक मोठी सोय आहे हे मी मान्य करते: रिडबल सोडून काहीही बोललं की दहाच्या आत, संपलं. पण जोडी म्हणून ड्युप्लिकेटला बसू लागलो तेव्हा आमची या जागेवर वारंवार ओढाताण होऊ लागली. मी बोलायची एका अर्थाने आणि ते घ्यायचे दुसऱ्या अर्थाने. हे बसून सोडवायला हवं होतं, आणि ती फुरसत पावसाने दिली.

जुलैअखेर कृष्णा चढू लागली. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या पुढे गेलं की सांगलीत दुसरा विषय नसतो. जो तो फुटाफुटाचा हिशेब विचारत असतो आणि गावभागातली माणसं सामान वरच्या मजल्यावर चढवू लागतात. क्लब बंद झाला. गावभागातून आत्या, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहीण, आमच्याकडे राहायला आल्या. त्याही खेळणाऱ्या. चौथं माणूस नसलं तरी बोलीच्या सरावाला तिघं पुरतात.

सरावाची पद्धत मी ठरवली. पाच बदाम आणि १२ ते १५ पॉइंट असा ओपनिंगचा हात शोधून काढायचा आणि उताणा मांडायचा. मग डबलला शोभेल असा दुसरा हात: बदाम दोनच्या आत, बाकी तिन्ही रंगांत निदान तीन-तीन पानं. तो आत्यांकडे. उरलेली २६ पानं पिसून दोन वाटे करायचे आणि त्यातला एक वाटा माझ्या जागेवर बसलेल्याचा असं धरायचं. तो हात अण्णांनी आणि मी दोघांनी बघायचा, आपापल्या चिठ्ठीवर बोली लिहायची, मग चिठ्ठ्या उघडायच्या. आत्या वाचून दाखवायच्या. पहिले काही दिवस चिठ्ठ्या क्वचितच जुळल्या.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कमजोर हातावर. असा हात घ्या: इस्पिक ७-४, बदाम राणी-८-६-३, चौकट राजा-९-७-५-२, किलवर ६-४. पाच पॉइंट. माझ्या चिठ्ठीवर तीन बदाम, अण्णांच्या चिठ्ठीवर दोन बदाम. "पाच पॉइंटांवर तीन? अगं, पडशील की!" मी म्हटलं, "अण्णा, पडू दे. पडून किती जातात ते बघू." पाच आणि चार मिळून आमच्याकडे नऊ बदाम, आणि इस्पिकात माझ्याकडे फक्त दोन. डबल देणारा इस्पिक दाखवतोच आहे, म्हणजे त्यांचाही मोठा फिट, दोघांचा जुळणारा लांब रंग, तिथे असणार. दोन बदाम म्हटलं तर डावीकडचा सहज दोन इस्पिक म्हणतो आणि दोघांचं संभाषण सुरू होतं. तीन बदाम म्हटलं तर त्याला सात-आठ पॉइंटांवर थेट तीनच्या पातळीवर तोंड उघडावं लागतं.

यामागे हिशेब आहे. ज्याँ-रेने व्हर्न या फ्रेंच अभ्यासकाने १९६०च्या दशकात मांडलं की दोन्ही बाजूंच्या सगळ्यात लांब रंगांतल्या पानांची बेरीज आणि दोन्ही बाजूंना आपापल्या हुकमात मिळणाऱ्या ट्रिकांची बेरीज साधारण सारखी येते. त्यातून खेळाडूंनी काढलेला व्यवहारी नियम असा: नऊ हुकूम असतील तर ताकद कमी असली तरी नऊ ट्रिकांच्या, म्हणजे तीनच्या, पातळीपर्यंत जायला हरकत नाही, दहा असतील तर चारच्या. मी वर्गात संभाव्यता शिकवते, त्यामुळे 'साधारण' या शब्दाचं वजन मला माहीत आहे. हा नियम प्रत्येक डावात तंतोतंत बसत नाही. पण निर्णय घ्यायला जे हातात असतं त्यात याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला दिसलेलं नाही.

अण्णांनी दोन अटी घातल्या आणि त्या मी आनंदाने मान्य केल्या, कारण त्या अनुभवातून आलेल्या होत्या. पहिली: हाताचा आकार ४-३-३-३, म्हणजे रंगांत पानं जवळजवळ सारखी वाटलेली, असेल तर चार पत्ते असूनही दोनच म्हणायचं. अशा हातात हुकमाने मारायला काही नसतं. दुसरी: आपण व्हल्नरेबल (त्या डावात दंड आणि बक्षीस जास्त असलेली बाजू) असू आणि ते नसतील तर तीन-चार पॉइंटांवर उडी नको. व्हल्नरेबल असताना डबलमध्ये दोन ट्रिका पडल्या की ५०० जातात, आणि त्यांची चार इस्पिकांची गेम (मोठं बक्षीस मिळवून देणारी बोली) मात्र ४२० चीच. तोट्याचा सौदा त्यांच्या लगेच ध्यानात आला. जन्म सगळा पेढीवर गेलेला.

आता उडी म्हणजे कमजोर, तर मग चार बदाम आणि खरे अकरा पॉइंट आले तर? उदाहरणार्थ इस्पिक राजा-६, बदाम राजा-गुलाम-७-४, चौकट एक्का-८-५-३, किलवर १०-७-२. त्यासाठी दोन नो ट्रम्प, म्हणजे एरवी बिनहुकमी खेळाची बोली. जॉर्डन, ट्रस्कॉट, डॉर्मर अशी तीन खेळाडूंची नावं या एका बोलीला लागली आहेत. अर्थ एवढाच: 'चार पानांचा पाठिंबा, दहा किंवा जास्त.' भिडूकडे किमान हात असेल तर तो तीन बदाम म्हणतो, बरा असेल तर चार. अण्णांनी विचारलं, "मग खरोखरीचा दोन नो ट्रम्पचा हात आला तर?" उत्तर त्यांच्याच नियमात होतं. फिट नाही, हात सपाट आहे, अकरा पॉइंट आहेत, तर आपण रिडबलच करतो. म्हणजे ही बोली रिकामीच पडलेली होती. हे पटलं तेव्हा त्यांनी स्वतः वही काढली आणि वरच्या ओळीत 'दोन नो ट्रम्प' असं लिहून पुढे अर्थ लिहिला.

इथे माझ्या डोक्यात सगळं चित्र जुळलं. डबल नसताना जास्त ताकद म्हणजे उंच बोली. डबल पडला की उलट: ताकदीचा हात सावकाश बोलतो, कारण त्याला वेळ आहे, पत्ते आपल्या बाजूला आहेत. कमजोर हात, फिट असेल तर, एका दमात जिथपर्यंत जायचं तिथपर्यंत जातो आणि मग गप्प बसतो. ओपनिंग करणाऱ्यानेही हे पाळायचं असतं. मी तीन बदाम म्हटलं आणि अण्णांकडे १६ पॉइंट असले तरी त्यांनी चारवर जायचं नाही, आकार विलक्षण असेल तर गोष्ट वेगळी.

रिडबलवर अण्णांचा हात धरणारं कुणी नाही, आणि त्याबद्दल त्यांनीच मला शिकवलं. हात असा: इस्पिक एक्का-गुलाम-८-३, बदाम फक्त ५, चौकट राजा-राणी-७-४, किलवर गुलाम-९-६-३. अकरा पॉइंट आणि भिडूच्या रंगात एकच पान. "हा हात बघितला की हात चोळायचे," अण्णा म्हणाले. "ते कुठंबी पळू देत, आपण बसलोयच." रिडबलनंतर आमचा करार असा की दोन बदामाच्या खाली त्यांना डबल लावल्याशिवाय आपण सुटू द्यायचं नाही. त्यांनी बोली बदलली की ज्याच्याकडे त्या रंगात चार पानं असतील त्याने डबल द्यायचा, नसेल त्याने पास करून दुसऱ्यावर सोपवायचं. ओपनिंग करणाऱ्याने घाईने आपला रंग पुन्हा बोलायचा नाही; बोलला तर त्याचा अर्थ 'माझा हात लांबोडका आणि हलका आहे, दंडावर भरवसा ठेवू नकोस.' आणि रिडबल तसाच राहिला तर? एक बदाम रिडबलमध्ये बरोबर झाला तरी व्हल्नरेबल नसताना ५२० आणि असताना ७२० मिळतात. तीन पानांचा पाठिंबा आणि दहाच्या वर पॉइंट असले तरीही आधी रिडबल आणि पुढच्या फेरीला बदाम. चार पानांचा असता तर दोन नो ट्रम्प म्हटलं असतं हे भिडूला कळतं.

पण दहा पॉइंटांचा प्रत्येक हात रिडबलमध्ये कोंबायचा का? इथे मी अडून बसले. भिडूचा एक चौकट, डबल, आणि माझ्याकडे इस्पिक राजा-राणी-१०-७-५, बदाम एक्का-४, चौकट ६-३, किलवर गुलाम-८-५-२. अण्णांची चिठ्ठी: रिडबल. माझी: एक इस्पिक, आणि तोही असा की भिडूने पास करायचा नाही. मी आत्यांना म्हटलं, "तुम्ही आता डावीकडच्या होऊन बोला. बदाम लांब आहेत असं धरा." आत्यांनी लगेच तीन बदाम म्हटलं. आता माझे पाच इस्पिक कुणाला माहीत? तीनच्या पातळीवर जाऊन पहिल्यांदा सांगायचे, नाहीतर गिळायचे. आधी एक इस्पिक म्हटलेलं असतं तर तीन बदामावर अण्णा तीन पानांनीही पाठिंबा देऊ शकले असते. आत्या म्हणाल्या, "दादा, तुझा रिडबल ऐकून मला उडी मारायला आणखीनच जोर येतो बघ." ते खरं आहे. रिडबल झाला की समोरच्यांना कळतं की डाव आपला नाही, आणि मग ते वाट अडवायच्या मागे लागतात. शेवटी ठरलं: एकच्या पातळीवरचा नवा रंग डबल पडलाच नाही असं समजून बोलायचा, चार किंवा जास्त पानं, आणि तो फोर्सिंग, म्हणजे भिडूने पास करायचा नाही.

दोनच्या पातळीवरचा नवा रंग मात्र फोर्सिंग नाही. भिडूचा एक इस्पिक, डबल, माझ्याकडे इस्पिक ८, बदाम गुलाम-५-२, चौकट राजा-राणी-गुलाम-९-६-४, किलवर ८-५-३. दोन चौकट, आणि भिडूने खुशाल पास करावा. ताकद असती तर रिडबल होता. हे दोन नियम शेजारीशेजारी लिहिले की विसंगत वाटतात, पण एकच्या पातळीवर जागा भरपूर असते आणि दोनच्या पातळीवर नसते, एवढंच त्याचं कारण आहे. एक नो ट्रम्प म्हणजे सात ते दहा, सपाट हात, रंगांत थोडी अडवणूक. सुटका म्हणून म्हणायचा नाही, कारण डबल देणारा मोठा हात तयारच बसलेला असतो. बाकी सगळं पास. फिट नसलेल्या चार-पाच पॉइंटांच्या हाताला पास हीच बरोबर बोली आहे, आणि नव्या खेळाडूंना हे सांगताना मी मुद्दाम थांबून सांगते, कारण भिडूला 'वाचवण्यासाठी' बोललेला रंग जवळजवळ नेहमीच महागात पडतो.

पाणी ओसरलं, क्लब उघडला. आमच्या क्लबात एक कडक नियम आहे: टेबलावर भडंग नाही. भडंगाचं तेल पानांना लागतं आणि मग पिसताना पानं चिकटतात. खायचं ते मधल्या सुट्टीत, हात धुऊन परत बसायचं. पहिल्याच बैठकीत दोन नो ट्रम्पचा हात आला. मी बोलीचं कार्ड ठेवलं, अण्णांनी अलर्टचं, म्हणजे या बोलीला खास अर्थ आहे असं समोरच्यांना कळवणारं, कार्ड पुढे सरकवलं. उजवीकडच्या काकांनी विचारलं आणि अण्णांनी शांतपणे सांगितलं, "चार बदाम, दहाच्या वर." करार दोघांचा असतो, पण लपवायचा नसतो, समोरच्याने विचारलं की तो आपल्याइतकाच त्यालाही कळला पाहिजे. मला ब्रिजची ही रीत मनापासून आवडते.

तीन बदामाचा हात त्याच महिन्यात आला, सरावातल्या हाताशी हुबेहूब. कुणीच व्हल्नरेबल नव्हतं. अण्णांकडे इस्पिक गुलाम-२, बदाम एक्का-राजा-१०-७-४, चौकट राणी-गुलाम-४, किलवर राणी-८-५. डबल देणाऱ्याकडे इस्पिक एक्का-राणी-९-६, बदाम गुलाम-२, चौकट एक्का-१०-३, किलवर राजा-गुलाम-९-७. डावीकडे इस्पिक राजा-१०-८-५-३, बदाम ९-५, चौकट ८-६, किलवर एक्का-१०-३-२. मी तीन बदाम म्हटलं. डावीकडच्या बाईंनी पानं मिटली, परत उघडली, इस्पिकांवर बोट फिरवलं, आणि पास म्हणाल्या. उरलेल्या दोघांचाही पास. समोरच्यांनी दोन इस्पिक, दोन किलवर आणि चौकटचा एक्का असे आपले पाच हात रोख वसूल केले. आम्हाला आठ मिळाले, एक कमी. उणे ५०.

डाव संपल्यावर चौघांनी पानं उताणी केली. इस्पिक हुकूम असताना त्यांना बदामाचे दोन आणि चौकटचा एक असे तीन हात द्यावे लागतात. किलवरची राणी अण्णांकडे आहे असं ओळखलं, आणि ओपनिंग अण्णांचं असल्यामुळे ते ओळखू येतंच, की दहा हात पुरे. आमचे नऊ बदाम, त्यांचे नऊ इस्पिक, बेरीज १८. आमच्या आठ ट्रिका, त्यांच्या दहा, बेरीज १८. निकालाच्या कागदावर बाकीच्या टेबलांवर ४२० आणि १७० दिसत होते. तिथे दोन बदामानंतर दोन इस्पिक आरामात आलेला. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "पन्नासला घेतलं की गं आपण." बाजारात भाव बरोबर लागल्यावर त्यांचा जो आवाज होत असेल तोच असावा.

एक बोली अजून वादात आहे. भिडूचा एक बदाम, डबल, आणि माझी थेट तीन किलवरची उडी. अण्णांच्या मते हा लांब किलवरचा कमजोर हात. माझं म्हणणं की तो फिट दाखवणारा असावा: चार बदाम आणि पाच चांगले किलवर, म्हणजे समोरचे चार इस्पिकवर गेले तर पाचवर जायचं की डबल द्यायचा हे भिडूला ठरवता येईल, आणि डबल द्यायचं ठरलं तर उतारी कुठली करायची तेही कळेल. "आणि सात किलवर अन् चार पॉइंट आले तर मी काय करू?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, पास करून नंतर बोलणं हे माझं उत्तर त्यांना पुरेसं वाटत नाही. आत्यांचं मत अण्णांच्या बाजूने पडलं. दिवाळीपर्यंत त्यांच्या अर्थाने खेळायचं, मग संक्रांतीपर्यंत माझ्या अर्थाने, आणि ही बोली आली की निकाल वहीत टिपून ठेवायचा असं ठरलं आहे.